ह्यांच्या नावाची किल्ली

परवा नात माझ्या मोबाइलला कुलूप बसवून देत होती. म्हणाली, "आजी, असा शब्द सांग जो दुसऱ्या कोणाला सुचणारच नाही." मी म्हटलं, "बाई, ही परीक्षा मी एकदा देऊन बसली आहे. नापास झालती." तिला वाटलं म्हातारी गंमत करते. तशी मी करतेच. पण या गोष्टीत जेवढी गंमत आहे तेवढी सुरुवातीलाच आहे, पुढे ती संपते, हे आधीच सांगून ठेवते.

पांढरकवड्याला हायवेच्या कडेला विद्यापीठाचं एक छोटं केंद्र होतं. समाजकार्याचा अभ्यासक्रम, पन्नासेक मुलं, एक ग्रंथालय, आणि एके वर्षी अचानक आलेले अकरा कॉम्प्युटर. मी ग्रंथालयात टायपिस्ट. मराठी आणि इंग्रजी दोन्ही टायपिंग पास, एवढ्या भांडवलावर त्या अकरा मशीनची खोली माझ्या ताब्यात आली. हुद्दा 'सहायक' असा होता. पण पाटी रंगवायला पेंटर आला तेव्हा मी त्याला हळूच म्हटलं, "प्रमुख लिही." त्याने लिहिलं. निळ्या पत्र्यावर पिवळी अक्षरं: सौ., मग माझं नाव, मग ह्यांचं नाव, मग आडनाव, आणि खाली 'संगणक कक्ष प्रमुख'. रोज सकाळी कुलूप उघडताना मी त्या पाटीकडे बघायची. कोणी नसलं तर पदराने पुसायचीसुद्धा.

ही पाटी लक्षात ठेवा.

तेव्हाची ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी तिच्या पाठीत एक धपाटा घालीन. चपला बाहेर. हात धुऊन आत. मशीनवर मी घरी शिवलेल्या फुलाफुलांच्या खोळी. कोणी पडद्याला बोट लावलं की माझा आवाज हायवेपर्यंत जायचा. विद्यापीठाने नियमांचा एक कागद पाठवला होता: प्रत्येकाने आपल्याच नावाने मशीन उघडायचं, पासवर्ड कोणाला सांगायचा नाही, दुसऱ्याचं काम उघडून पाहायचं नाही, उठताना बंद करून उठायचं. मी तो मराठीत टाइप केला, काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर टांगला, आणि नवीन मुलं आली की त्यांच्याकडून उभ्याने म्हणून घ्यायची, शाळेतल्या प्रतिज्ञेसारखा.

त्या कागदाबरोबर एक गठ्ठाही आला होता. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाचं बंद पाकीट, आत त्याचं स्वतःचं खातं आणि पासवर्ड. ती पाकिटं मी वाटलीच नाहीत. त्या वर्षांत लाइन सकाळी जायची, दुपारी जायची, आली तरी किती वेळ टिकेल याचा भरवसा नसायचा. इन्व्हर्टर वीस मिनिटं टुकटुक करून मान टाकायचा. तेवढ्या वेळात एकेक जण आपलं पाकीट शोधणार, पासवर्ड विसरणार, माझ्यापुढे डोकं खाजवत उभा राहणार. त्यापेक्षा मी सकाळीच सगळी मशीन एका सामाईक खात्याने उघडून ठेवायची. एक जण उठला की त्याच्या गरम खुर्चीत दुसरी बसायची, त्याचं अर्धं काम बाजूला सारून आपलं सुरू करायची. पाकिटं कपाटात, जास्तीच्या खोळींच्या खाली. नियम भिंतीवर, काचेत. काचेवरची धूळ मात्र मी रोज न चुकता पुसायची.

माझं खातं वेगळं होतं. त्यातून सगळी मशीन उघडायची, सगळ्यांचं सगळं दिसायचं. ते बसवून द्यायला नागपूरहून एक तंत्रज्ञ आला होता, सारखा घड्याळ बघणारा. म्हणाला, "मॅडम, पासवर्ड असा निवडा की तो तुमच्या तोंडून चुकूनसुद्धा निघणार नाही."

मला विचार करावाच लागला नाही. माझ्या तोंडून चुकूनसुद्धा न निघणारा शब्द जगात एकच होता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवातला उखाणा सोडला तर मी ह्यांचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. रेशनच्या दुकानात विचारलं तर शेजारणीला पुढे करायची, दवाखान्यात विचारलं तर चिठ्ठीवर लिहून द्यायची. तंत्रज्ञाने तोंड फिरवलं, मी इंग्रजी अक्षरांत ते नाव दाबलं, आणि मला स्वतःच्या अकलेचं एवढं कौतुक वाटलं की त्या दिवशी मी त्याला दोनदा चहा पाजला.

आणि दारावर काय होतं? निळ्या पत्र्यावर, पिवळ्या अक्षरांत, माझं नाव आणि आडनाव यांच्या मधोमध, चांगलं चार बोटं उंचीचं.

हसा. मीही हसते. मुलं तर तेव्हाच हसत असणार, कारण ते नाव दाबताना मी कीबोर्डवर पदर धरायची.

त्या साली दारव्ह्याची एक मुलगी शिकायला आली होती. वडील मोटर मेकॅनिक. सुट्टीत अब्बांच्या हाताखाली काम करते हे ती स्वतःच सांगायची, आणि आमच्या खोलीतला अडलेला पंखा तिने पहिल्याच आठवड्यात सुरू करून दिला होता. तिच्या प्रबंधाचा विषय होता मागे राहिलेल्या बायका. कापसाने त्या वर्षांत आमच्या भागात जे केलं ते पेपरात रोज येत होतं, मी पुन्हा मांडत नाही. आमच्या केंद्रात ते रजेच्या अर्जातून यायचं. 'घरी मयत झाल्यामुळे.' सुरुवातीला आम्ही विचारायचो, कोण गेलं, कसं झालं. मग विचारणं बंद झालं. अर्जावर सही करायची आणि फाइलला लावून टाकायचा.

ही मुलगी विचारत होती. मुकुटबनच्या पलीकडच्या गावांत जीपने जायची, बायकांच्या चुलीजवळ बसायची, परत येऊन त्यांचं बोलणं जसंच्या तसं टाइप करायची. चौदा बायका. नावं कुठेच नाहीत, नुसते आकडे. बाई एक, बाई दोन. एक दिवस ती माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, माझ्या नावाचं पाकीट द्या ना. सामाईकमधी कोणीबी उघडून पाह्यते."

"कोण पाह्यते? मी बसली आहे ना इथं!"

"तुमच्यावर भरोसा हाय मॅडम. पण मी त्या बायांले शब्द देल्ला हाय का कोणी वाचणार नाही म्हणून. अन् नियमातबी हाय ना, ज्याचं त्याचं येगळं." तिने भिंतीकडे बोट केलं.

माझाच कागद मला दाखवते! मला राग आला. शिवाय एकीला पाकीट दिलं की बाकीचे मागणार, मग कपाट उपसा, खोळी काढा. मी आवाज मऊ करून म्हटलं, "असं कर. तुझं सगळं काम माझ्या खात्यात ठेव. माझ्या किल्लीत. मी स्वतः उघडून देईन, स्वतः बंद करीन. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं असं समज."

तिने एकदा भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "ठीक हाय." आईच्या वयाच्या बाईला ती तरी किती वेळा नाही म्हणणार?

आता जे लिहिते ते नातीला सांगितलेलं नाही. ते लॉकर मी उघडायची. मुलगी गेली की दुपारचा चहा घेऊन बसायची आणि बाई एक, बाई दोन, बाई तीन, मासिकातली क्रमशः कथा वाचावी तशी वाचायची. डोळ्यांना पदर लावायची, नाक ओढायची, आणि पुढच्या बाईची वाट बघायची. भिंतीवर माझ्याच हाताने टाइप केलेलं होतं की दुसऱ्याचं काम उघडून पाहायचं नाही. तो नियम मुलांसाठी, असा माझा समज.

बाई सात माझी आवडती. तिशीच्या आतली, दहावी झालेली, एक लहान मुलगी. नवरा गेल्यावर दोन वर्षं ती भासऱ्याच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या घरात राहत होती. यवतमाळला नर्सबाईच्या कोर्सला जायचं तिच्या मनात होतं. घरात सांगायची सोय नव्हती. वेचायला, रांधायला, शेण काढायला तिचेच दोन हात होते, ते हात कोण सोडणार? तिने ठरवलं होतं की घरचे पुरुष कापूस गाडीत भरून बाजाराला जातील त्या दिवशी पोरीला कडेवर घ्यायचं आणि निघायचं. तिच्याजवळ एकच मोलाची वस्तू होती, दहावीची मार्कलिस्ट. ती तिने कापसाच्या खोलीत लपवली होती. भाव चढेल या आशेवर त्या वर्षी लोकांनी कापूस घरातच रचला होता, खोल्या आढ्यापर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या. मुलीने बाईचे शब्द उतरवले होते: "खिडकीच्या खाली, कोपरापर्यंत हात घातला का लागते."

हे वाचून मी, संगणक कक्ष प्रमुख, कप खाली ठेवून म्हटलं होतं, "वा गं बाई, काय डोकं चालवलं!" आणि मशीन बंद करून घरी गेले. घरी त्या दिवशी भरीत केलं होतं, तेही आठवतं.

संक्रांत होऊन आठवडाही झाला नसेल. एका सकाळी मुलगी आली ती चपला न काढताच आत आली. मी ओरडणार होते, पण तिचं तोंड पाहून थांबले. जीपची धूळ तिच्या भुवयांवर होती. तिने घडी केलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. कागदाच्या दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या होत्या. असा कागद आमच्या प्रिंटरलाच लागायचा.

"हे तिच्या भासऱ्याजवळ होतं, मॅडम."

मी उघडला. बाई सात.

"पण नाव तर नाही यात," मी म्हटलं.

"नाव कायले पाह्यजे? एक पोरगी, पोरगी डावखुरी, दोन बकऱ्या, घरामागं बिब्याचं झाड. गावातल्या शेंबड्या पोट्ट्यालेबी समजते कोण ते."

"मग?"

"मग काय. भासरा उठला, कापसाच्या खोलीत गेला, खिडकीखाली हात घातला." तिने मनगटाने भुवया पुसल्या. "चुलीत टाकली, मॅडम. अन् चूल तिलेच फुकाले लावली. पोरीले उचलून तिच्या आत्याच्या गावाले पाठवून देल्ली. म्हणे, जाय आता कुठं जातं तं."

मी काहीतरी बोलले असेन. काय ते आठवत नाही. टेबलावरचा तो कागद मी तळहाताने सरळ करत होते, एवढं आठवतं.

चौकशी बसली. आमच्या केंद्राचे संचालक सर आणि बाहेरचे दोन प्राध्यापक. नागपूरचा तोच तंत्रज्ञ पुन्हा आला. कोणत्या खात्यातून कोणतं काम कधी उघडलं याची नोंद मशीन ठेवतं, हे मला त्या दिवशी समजलं. त्याने ती नोंद काढली, बोट फिरवत खाली आला आणि म्हणाला, "मॅडम, सगळीकडे तुम्हीच आहात."

मुलगी टाइप करायला बसायची तेव्हाही मीच, दुपारी चहाबरोबर तर खरोखर मीच. शेवटची नोंद मात्र हळदीकुंकवाच्या दुपारची होती. त्या वेळी मी वरच्या हॉलमध्ये तिळगूळ वाटत होते. बायांनी आग्रह केला म्हणून मान खाली घालून, लाजत मुरडत, ह्यांचं नाव घेत होते. आणि खाली माझ्या खोलीत कोणीतरी तेच नाव बोटांनी दाबून आत शिरलं होतं आणि बाई सात छापून घेऊन गेलं होतं. कोण, ते आजतागायत कळलेलं नाही. ज्याची त्याची खाती असती तर कळलं असतं. एका नावाच्या आड सगळं केंद्र बसलं होतं.

सरांनी विचारलं, "हा पासवर्ड आणखी कोणाला माहीत होता?"

"कोणालेच नाही सर. शक्यच नाही."

हे मी खोटं बोलले नव्हते. मला तसंच वाटत होतं. वाईट वागले ते त्याच्या पुढे. सर इतरांकडे वळून म्हणाले, "म्हणजे मॅडम नाहीत, तर मग त्या खात्यात रोज बसणारी ही मुलगीच. हिनेच छापलं आणि हिच्याच हातून गावात पडलं." ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काचेतल्या नियमांकडे पाहिलं.

तिचं काम थांबवलं. प्रबंध रद्द करण्याची शिफारस झाली, गावांत जायला बंदी झाली. दुपारी ती आपल्या वह्या न्यायला खोलीत आली.

"एक सांगू का मॅडम? तुमचा पासवर्ड मले पह्यल्या हप्त्यापासून माहीत हाय."

"काहीच्या काही!"

"दारावर लिवला हाय."

मी दाराकडे पाहिलं. आतून पाटी दिसत नव्हती, तिचे चार खिळे तेवढे बाहेर आलेले दिसत होते.

"साऱ्याईले माहीत हाय. तुम्ही पदर धरता ना, तवा तं पोट्टे पोट धरून हासते."

"मग तिथं काहून नाही बोलली तू?"

"काय बोलू? मले माहीत होता म्हणलं असतं तं ते म्हणले असते, पाहा, हिलेच माहीत होता."

तिने वह्या छातीशी धरल्या. जाताना तिच्या नेहमीच्या मशीनवर कोणाचं तरी अर्धं काम उघडं होतं, ते तिने नीट ठेवलं आणि मशीन बंद केलं. उठताना मशीन बंद करणारी आमच्या केंद्रात ती एकटीच होती.

तुम्हाला वाटेल मी तशीच सरांकडे धावले. तर तुम्ही त्या बाईला ओळखलंच नाही. पहिल्या दिवशी मी शिपायाकडून पाटी उतरवून घेतली, रंग उडालाय म्हणून सांगितलं. पाटी गेली की पुरावा गेला, असा हिशेब. दारावर चार भोकं आणि पाटीच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन राहिला, तो पाटीपेक्षाही जास्त दिसायचा. दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदलला. काय ठेवला विचारू नका. सासऱ्यांचं नाव ठेवलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. आल्या आल्या कपड्यांवरचे कापसाचे तंतू वेचत ओट्यावर बसायचे, तसे बसले होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या नावानं त्या बाईच्या घरात चोर शिरला म्हण ना."

एवढंच. मग हात धुतले आणि जेवले नाहीत.

चौथ्या दिवशी मी कपाट उपसलं, पाकिटांचा गठ्ठा काढला, पाटी काखेत धरली आणि सरांच्या खोलीत गेले. बाहेरचे दोघे त्याच दिवशी शेवटच्या सह्या करायला आले होते. मी गठ्ठा टेबलावर ठेवला. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं. सांगायला लागले ते सगळं सांगितलं, मुलीने पाकीट मागितलं होतं तेही. सरांनी एक पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"पासवर्ड काय होता?"

"लिहून देते सर."

"तोंडी सांगा. नोंदीत यायला हवं."

तीन परपुरुष, एक लिहिणारे बाबू, आणि मी. मी पदर सावरला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी ते नाव यमकाशिवाय, लाजण्याशिवाय, सरळ उच्चारलं. किती लहानसं नाव होतं ते. बाबूंनी लिहिलं, आणि मग त्यांची नजर टेबलावर आडव्या पडलेल्या पाटीवर गेली. त्यांनी पेन खाली ठेवलं. कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"आणखी एक लिहा," मी म्हटलं. "दुपारच्या ज्या नोंदी आहेत त्या माझ्या आहेत. मी ते वाचायची."

"कशासाठी?" सरांनी विचारलं.

"आवडायचं म्हणून."

हे उत्तर लिहिलं की नाही, मला माहीत नाही.

मुलीवरचा ठपका काढला. उरलेल्या तेरा बायांवर प्रबंध पुरा करायची परवानगी मिळाली, तिला तिचं पाकीट मिळालं, बाकीच्यांनाही मिळालं. माझी रवानगी परत ग्रंथालयात, जुनी वर्तमानपत्रं शिवायच्या कामावर. मी म्हणेन, स्वस्तात सुटले. पण बाई सातचं काय? मार्कलिस्टची दुसरी प्रत मिळवता येते, असं मुलीने चौकशी करून आणलं. अर्ज तिने भरून ठेवला होता, फक्त बाईची सही हवी होती. कोर्सच्या फॉर्मला अजून थोडे दिवस होते.

"मी येऊ का तुझ्यासंगं?" मी विचारलं.

तिने अर्ज पिशवीत घातला. "तिनं हाकलून देल्लं तं?"

"तर परत येऊ."

मुकुटबनपर्यंत जीप, पुढे पराट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या झाडांच्या, मधून पायवाट. वेचून झालेल्या पराट्या काळ्या काड्यांसारख्या उभ्या होत्या, काहींच्या बोंडात दोनचार तंतू अडकलेले. घर सापडायला वेळ लागला नाही. कोणाला विचारावंही लागलं नाही, त्या कागदात सगळं होतं.

भासरा ओसरीवर बाजेवर बसला होता. मला वाटलं, ओरडेल. तो उठून उभा राहिला. "या, या मॅडम. बसा. तुमच्या कालेजामुळंच तं समजलं आमाले, नाही तं घराची अब्रू गेली असती. लय उपकार झाले." मग आत तोंड करून, "च्या ठेव वो, कालेजातल्या मॅडम आल्या!"

त्या उपकारावर मी बाजेच्या कडेला बसले.

बाई काळा चहा घेऊन आली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्याबद्दल मला एवढं माहीत होतं की तिच्या डोळ्यांकडे बघवेना. ती उंबऱ्यात बसली. तिच्या मागे कापसाची खोली रिकामी दिसत होती, नुसती खिडकी आणि शेणाने सारवलेली जमीन. कापूस विकून झाला होता. पोरीचा कुठे आवाज नव्हता. भासरा बकरी सोडायला मागे गेला, तेवढ्यात मुलीने अर्ज काढून तिच्यापुढे ठेवला, हळू आवाजात समजावून सांगितलं. बाईने अर्जाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"त्या किल्लीवाल्या बाई तुम्हीच का?"

"हो."

"तुम्ही वाचलं व्हतं माझं?"

"हो."

"कवा?"

"दिवाळीनंतर."

"पुरं वाचलं?"

"पुरं."

तिने बोटाने जमिनीवरचा कापसाचा एक तंतू उचलला आणि गुंडाळत राहिली. "दिवाळीनंतर मंजे कापूस घरात व्हता. मार्कलिस्ट व्हती. पोरगी व्हती." मग मान वर केली. आवाजात राग नव्हता, रस्ता विचारावा तसं तिने विचारलं, "मंग तवाच काहून नाही आल्या, बाई?"

चहा माझ्या हातात होता. तोच कप घेऊन मी तिचं आयुष्य वाचलं होतं असं वाटलं, आणि तो मला तिथे पिता आला नाही, खाली ठेवताही आला नाही. मागून भासऱ्याची चाहूल लागली. बाईने अर्जाची घडी केली आणि मुलीच्या पिशवीत परत घातली.

"ताई," ती मुलीला म्हणाली, "तुमच्या त्या मशीनमधून मले पुसून टाका. सात नंबर रिकामा ठेवा."

ते आम्ही पुसलं. म्हणजे मशीनमधून पुसलं. गावातून कसं पुसणार?

त्या वर्षी ती कोर्सला गेली नाही. हे लिहिते, कारण हे त्या गावाला माहीतच आहे. पुढच्या वर्षांत काय झालं ते त्या मुलीला आणि मला ठाऊक आहे. मुलगी आता स्वतः शिकवते, आणि आमच्या दोघींची गाठ पडली की आम्ही बाई सातबद्दल दार लावून बोलतो. हे आता नाहीत. नाव मात्र अजून माझ्या नावाच्या मधोमध आहे.

काल नात म्हणाली, "मग पुढे काय झालं तिचं, आजी?"

मी म्हटलं, "नाही सांगत."

"मला पण नाही?"

"तुलाही नाही."

ती रुसली. रुसू दे. आणि तुम्ही वाचणारे, डावखुरी पोर, दोन बकऱ्या, घरामागचं बिब्याचं झाड, असं काही मनात ठेवून तिकडच्या गावांत कोणाला विचारत बसू नका. त्या सगळ्या खुणा मी बदललेल्या आहेत.